आत्याचा शेवेचा डबा आणि माझी एनओसी

२०२४च्या ऑगस्टातली गोष्ट. दुपारचे अडीच, मी ऑफिसात मान खाली घालून रिटर्न भरून राहिले होते आणि आत्याचा फोन आला. आत्या हॅलो म्हणायच्या आधी कॉलचा दर्जा सांगते. ऑर्डिनरी, अर्जंट नाहीतर लायटनिंग. नव्या पोरांना हे माहीत नसेल, पूर्वी ट्रंक कॉल बुक करायचे तेव्हा असे प्रकार असायचे, लायटनिंगचे पैसे सगळ्यात जास्त आणि लाइन सगळ्यात आधी. आत्या इंदूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३४ वर्षं ऑपरेटर होती, जीभेला लागलेली सवय जात नाही. तर त्या दिवशी म्हणाली, "लायटनिंग. माझा शेवेचा डबा नेला यांनी."

मला आधी कळेचना. मग हळूहळू उलगडा झाला. आत्या जूनपासून असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांना लागेल तेवढी मदत देणाऱ्या जागी, राहते. सकाळी खोली झाडायला आलेल्या मुलीने कपाट उघडलं, साड्यांच्या मागे स्टीलचा डबा सापडला, आत अर्धा किलो लौंग सेव. आत्याला बीपी. मुलीने सिस्टरला सांगितलं, सिस्टरने मॅनेजरला, आणि डबा खाली स्टोअरमध्ये गेला, चिठ्ठी लावून, खोली नंबरासकट. डब्यावर माझ्या आजीचं नाव कोरलेलं आहे, ते वेगळंच.

"चोराचा माल पकडावा तसा नेला गं," आत्या म्हणाली, आणि आवाज एकदम बारीक झाला. ७८ वर्षांची बाई, आयुष्यात कोणाकडून दहा रुपये उधार घेतले नाहीत, आणि आपल्याच कपाटातल्या शेवेसाठी भाचीला फोन करून राहिली.

आता थोडं मागे जाते. आत्याने लग्न केलं नाही, इंदूरच्याच रामबागेत वाढली, पुढे लोकमान्य नगरात स्वतःचा फ्लॅट घेतला आणि तिथे एकटी मजेत राहायची. २०२३च्या डिसेंबरात बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण सकाळी सहाला पडली ती भांडीवाली आली तोवर साडेनऊपर्यंत फरशीवरच होती. त्यानंतर मी तिला आमच्याकडे आणलं, चार महिने ठेवलं, आणि खरं सांगते, चार महिन्यांत आम्ही दोघी एकमेकींना कंटाळलो. मी आणि नवरा दिवसभर बाहेर, पोरगा पुण्याला, ती तिसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर. लिफ्ट आहे पण खाली उतरून जायचं कुठे? शेवटी तीच बोलली, माझी सोय बघ कुठेतरी, मला तुझ्या घरात पाहुणी होऊन मरायचं नाहीये.

लोकांनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. "वृद्धाश्रमात टाकली" हे वाक्य मी निदान सहा जणांकडून ऐकलं, त्यातल्या चौघांनी आत्याला दोन-दोन वर्षांत फोनसुद्धा केला नव्हता.

बरं, वृद्धाश्रम आणि असिस्टेड लिव्हिंग यात फरक आहे, मलाही शोधायला लागले तेव्हा कळला. वृद्धाश्रम म्हणजे बहुतेक ट्रस्टचा, धर्मादाय, डॉर्मिटरी किंवा साधी खोली. सिनियर सिटिझनसाठीच्या सोसायट्या असतात, पुण्यात अशा बऱ्याच निघाल्या, तिथे तुम्ही फ्लॅट घेता आणि हिंडते-फिरते असता. नर्सिंग होम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. असिस्टेड लिव्हिंग यांच्या मधलं. माणूस बऱ्यापैकी धडधाकट, पण एक-दोन गोष्टींना हात लागतो, तेवढाच द्यायचा. तेवढाच, हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्या जागेत आत शिरताना एक फॉर्म भरून घेतात, सहा कामं: आंघोळ, कपडे, संडास, उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवण. हा काट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरचा १९६३ सालचा तक्ता आहे, जगभर वापरतात. आत्याला सहापैकी पाच स्वतःला जमत होत्या, फक्त आंघोळीला कोणीतरी जवळ हवं.

जागा बायपासच्या पलीकडे. नाव देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि माणसं वाईट नाहीत. स्वच्छ, झाडं बरीच, बाथरूममध्ये हँडल, न घसरणारी टाइल, बेडजवळ बेल, २४ तास सिस्टर. आत्याने फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिला, ते भाडं आणि पेन्शन मिळून काठोकाठ भागतं. (मी तिला म्हटलं होतं की मृत्युपत्र करून टाक म्हणजे तुलाच शांत वाटेल, तर तिने मला २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा ऐकवला, त्यात अपत्य नसलेल्या माणसाची प्रॉपर्टी ज्याला मिळणार असेल त्या नातेवाइकावर सांभाळायची जबाबदारी येते. "बघ हं, फ्लॅट घेशील तर मी पण येते सोबत." वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलंय तिने.)

जूनमध्ये तिथे राहायला गेली. पहिले दोन महिने मला वाटलं सगळं छान चाललंय. मी रविवारी जायची, ती स्वच्छ साडीत, वेणी घातलेली, पायात मोजे, खुर्चीत. काय चाललंय? बरं चाललंय. जेवलीस? जेवले. मी परत यायची आणि नवऱ्याला सांगायची, किती शांत झालीये बघ. शांत! मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. आत्या शांत म्हणजे लाइन डेड.

दोन महिन्यांत ५४ किलोची ५० झाली.

शेवेच्या फोननंतर मी सुट्टी काढून एक अख्खा दिवस तिथे जाऊन बसले, सकाळी साडेसातपासून. आणि बघितलं की दिवसभर तिच्यासाठी सगळं कोणीतरी करून राहिलं आहे. वेणी मुलगी घालते, कारण आत्याला वीस मिनिटं लागतात आणि मुलीला तीन. चहा साडेसातला, सगळ्यांना एकदम, साखर घातलेला. आत्या ३४ वर्षं शिफ्टची ड्यूटी केलेली बाई, चारला जाग येते, पाचला चहा लागतो. ती चारला उठून खोलीत फिरते म्हणून पडेल या भीतीने डॉक्टरला सांगून झोपेची गोळी सुरू केलेली. आणि त्या गोळीने सकाळी अकरापर्यंत डोळ्यांवर झापड! पडू नये म्हणून जी गोळी दिली तीच म्हाताऱ्या माणसाला पाडते, हे मला एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बिअर्स लिस्ट म्हणून एक यादी आहे, म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची, १९९१मध्ये पहिल्यांदा निघाली आणि तीही नर्सिंग होममधल्या लोकांसाठीच, झोपेच्या बऱ्याच गोळ्या त्यात आहेत. मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी हळूहळू कमी करून बंद केली. एकदम बंद करायची नसते, हे लक्षात ठेवा. आणि घरच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांचा डबा सहा महिन्यांनी एकदा सगळा ओतून कोणातरी डॉक्टरला दाखवा, आत्याच्या डब्यात अ‍ॅसिडिटीच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या, आतलं औषध एकच.

पण गोळीपेक्षा मला जास्त लागलं ते कडीचं. आत्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकलेली होती. सेफ्टी. कोणीही, कधीही, टकटक न करता आत. आत्या म्हणाली, "साडी बदलताना मी पाठ दाराकडे करून उभी राहते."

त्या रात्री मी बसून वाचलं. हा असिस्टेड लिव्हिंगचा प्रकार अमेरिकेत सुरू कोणी केला, तर केरन ब्राउन विल्सन नावाच्या बाईंनी. त्यांच्या आईला ५५व्या वर्षी स्ट्रोक आला, पुढची वर्षं नर्सिंग होममध्ये गेली, आणि आईचं मागणं काय होतं, तर स्वतःची छोटी खोली, छोटंसं स्वयंपाकघर, आपलं सामान, आणि आतून बंद होणारं दार. त्यावरून विल्सनबाईंनी १९८३मध्ये ओरेगन राज्यात पोर्टलंडला ११२ घरांची जागा उभी केली, दाराला कुलूप आतून. म्हणजे ज्या गोष्टीपासून ही सगळी कल्पना निघाली ती कडीच आमच्याकडे स्क्रू काढून स्टोअरमध्ये, शेवेच्या डब्याशेजारी!

आणखी एक सापडलं. १९७६मध्ये कनेटिकटच्या एका नर्सिंग होममध्ये एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोघींनी प्रयोग केला. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, कुंडी तुम्ही निवडा, पाणी तुम्ही घाला, सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर कुंडी दिली पण पाणी नर्स घालणार, सिनेमाचा दिवस ठरलेला. निवड करणारे जास्त तरतरीत, जास्त हसते-बोलते निघाले. दीड वर्षाने बघितलं तर त्यांच्यातले १५ टक्के गेले होते आणि दुसऱ्या मजल्यावरचे ३० टक्के. अर्थात पुढे त्या मृत्यूच्या गणितात चूक निघाली आणि दोघींनी स्वतः दुरुस्ती छापली, म्हणजे कुंडीने आयुष्य वाढतं असं कोणी सांगत फिरू नये. पण मला पटायला दीड वर्ष थांबायची गरज नव्हती, मी आत्याचा चेहरा बघितला होता.

मग मॅनेजरशी बसले. आत्याला सोबत घेऊन, हे मुद्दाम. आधीच्या सगळ्या मीटिंगा माझ्याशीच झाल्या होत्या, ती बाहेर सोफ्यावर. कडीच्या जागी असं लॅच लावलं की आतून बंद होतं आणि अडचण आली तर बाहेरून सिस्टरच्या चावीने उघडतं, बाजारात सहज मिळतं, पैसे आम्ही दिले. खोलीत आपोआप बंद होणारी छोटी किटली. वेणी स्वतः, वीस मिनिटं तर वीस मिनिटं. आणि "माताजी" म्हणायचं नाही. "मैं किसकी माताजी? मेरी शादी नहीं हुई," असं तिने मॅनेजरला तोंडावर सांगितलं, तो बिचारा लाल झाला. आता आत्याजी म्हणतात.

शेवेवर मात्र तासभर घासाघीस. तिथली डाएटिशियन हुशार मुलगी निघाली, तिचं म्हणणं चूक नव्हतं, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं, आणि शेव म्हणजे मीठच. पण तिने स्वतःच विचारलं, आत्याजी, शेव कशावर? आत्या म्हणाली, पोह्यांवर, आणखी कशावर असते? इंदूरच्या माणसाला शेवेशिवाय पोहे दिले म्हणजे उपाशीच ठेवलं. ठरलं की सकाळी पोह्यांवर दोन चमचे, त्या बदल्यात रात्रीच्या डाळीत मीठ कमी आणि लोणचं बंद. डबा आत्याच्या कपाटात. किती उरली ते कोणी मोजायचं नाही.

मग डाएटिशियननेच खरा मुद्दा काढला. शेव राहू द्या, तुम्ही बाकी खाता काय? रात्री पातळ खिचडी, सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पोळी-भाजी अर्धी टाकलेली. उतारवयात प्रोटीन कमी नाही, उलट जास्त लागतं, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे आत्याला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम, आणि ती जेमतेम पंचवीस-तीस खाऊन राहिली होती. चार किलो गेले त्यात मांडीचा स्नायूच गेला. आता सकाळी एक उकडलेलं अंडं (हो, आत्या अंडं खाते, नाइट ड्यूटीच्या कँटीनची देणगी, माझ्या आजीला शेवटपर्यंत माहीत नव्हतं), दुपारी घट्ट वरण आणि दही, संध्याकाळी पनीर नाहीतर मुगाचं धिरडं.

आणि मांडी कामाला लावायची. फिजिओथेरपिस्टने तिला खुर्चीत बसवलं, हात छातीवर क्रॉस, हाताचा आधार न घेता ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजलं. तिच्या वयाच्या बाईचे दहाच्या खाली आले तर पडायचा धोका जास्त. आत्याचे आले सहा. रोज बागेत चालते हो मी, असं सांगून राहिली होती. चालणं चांगलंच, पण त्याने भागत नाही, साठ-पासष्टच्या पुढे तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवा. तेव्हापासून ती टीव्हीच्या प्रत्येक ब्रेकमध्ये उठबस करते. मराठी मालिकांमध्ये ब्रेक किती मोठे असतात तुम्हाला माहीतच आहे. फेब्रुवारीत अकरा झाले.

कानाचं राहिलंच. ऑपरेटर बाई, आवाजावरून माणूस ओळखणारी, आणि तीन वर्षांपासून ऐकू कमी. म्हणूनच ती जेवणाच्या टेबलवर गप्प असायची, आणि स्टाफला वाटायचं स्वभावच तसा आहे. आधी मळ काढला तेव्हाच पाव फरक पडला, मग मशीन, दोन्ही कानांना. पहिले पंधरा दिवस ताटं आपटल्यासारखी वाजतात म्हणून काढून ठेवायची. बऱ्याच जणांची मशीन तिथेच ड्रॉवरमध्ये जातात. मी रोज फोन करून विचारायची, लावलंय का, ती म्हणायची लावलंय, आणि न लावताच म्हणायची, हे तिने नंतर कबूल केलं. हळूहळू जमलं.

आणि मशीन लागल्यावर आत्याने जे केलं ते कोणी सांगितलं नव्हतं. तिथल्या निम्म्या लोकांची मुलं अमेरिका, दुबई, बंगलोर. व्हिडिओ कॉल लावायचा म्हणजे सिस्टरच्या मागे लागायचं, सिस्टरला वेळ नाही. आत्या रिसेप्शनजवळच्या टेबलवर एक टॅब आणि वही घेऊन बसायला लागली, रोज चार ते पाच. नंबर वहीत, वेळ बुक करायची, ऑर्डिनरी की अर्जंट विचारायचं, कॉल लावून द्यायचा, तीन मिनिटं झाली की बोटाने खूण. कोणी तीन मिनिटांचा नियम लावलाय? तिनेच.

एक तक्रारही आली. एका काकांनी मॅनेजरला लेखी दिलं की त्यांचं आणि त्यांच्या सुनेचं काय भांडण झालं ते संध्याकाळच्या चहाला सगळ्या टेबलाला माहीत होतं. आत्याला विचारलं तर म्हणाली, ऑपरेटर ऐकत नाही, ऑपरेटरला ऐकू येतं. मी काय बोलणार? टेबल आता भिंतीच्या पलीकडे हलवलंय.

आता एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र. मार्चमध्ये सानंदचं, म्हणजे इथे मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचं, नाटक होतं. आत्या जुनी मेंबर, इंदुरात मराठी नाटक म्हणजे तिच्यासाठी सणच, साडी आदल्या दिवशी इस्त्री होते. नाटक संपून परत यायला साडेदहा होणार आणि गेट आठला बंद. मॅनेजर म्हणाला, हरकत नाही, फक्त भाचीची एनओसी लागेल, फॉर्मवर सही करून पाठवा. मी मोबाइलवरच सही करून पाठवली आणि आपण किती पटकन काम केलं या खुशीत होते. गाडीत बसल्यावर आत्या राजवाड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मी नाटकाला जायचं की नाही, यावर तुझी हरकत आहे का, असं विचारलं त्यांनी तुला. आणि तू म्हणालीस, हरकत नाही."

"अगं फॉर्मॅलिटी आहे."

"कडी पण फॉर्मॅलिटीच होती."

नाटकात माझं लक्ष लागलं नाही. इतके महिने मी मॅनेजरला जे शिकवून राहिले होते ते माझ्याच अंगठ्याने एका मिनिटात मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तर तो म्हणाला मॅडम, उद्या काही झालं तर घरचे आमच्यावर केस करतात, आणि ते खोटं नाही, करतात. बरेच मेल झाले. शेवटी मी त्यांना एकदाच लिहून दिलं की बाहेर जाण्याचा निर्णय आत्याचा, त्यातली जोखीम तिला आणि मला मान्य आहे. आता फॉर्मवर तिची सही असते, आणि खाली "घरच्यांना कळवलं" असा एक चौकोन. मला मेसेज येतो. परवानगी नाही, बातमी. कधी कधी उशिरा येतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, पण तो माझा गोळा आहे.

मागच्या रविवारी गेले तर चारला दहा कमी. आत्या वही घेऊन निघालीच होती. मी म्हटलं अगं, मी आत्ताच आले, बस ना जरा. म्हणाली तीन बुकिंग आहेत, एक न्यू जर्सीचं अर्जंट, तू बस, किटलीत चहा कर, शेव आहे डब्यात. मी तिच्या खोलीत एकटीच चहा पीत बसले, बाहेरून तिचा आवाज येत होता, "बोलिए, लाइन पे हैं।"

जाताना पुढच्या वेळेची ऑर्डर मिळाली. थंडी सुरू झाली, सराफ्यातले गराडू (तळलेला कंद) आणायचे, शंभर ग्रॅम, डाएटिशियनशी बोलून झालंय, जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला) वेगळं पुडीत.